चाल छापलेली नव्हती

शाळेतल्या गाण्यांवर लिहिलेलं मी बरंच वाचतो. दिवाळी अंकात असा एखादा लेख असतोच, आणि आता तर जुन्या बालभारतीच्या पानांचे फोटो मोबाईलवर कुणी ना कुणी पाठवतंच. पिवळी पडलेली पानं, कोपऱ्यात कुणाच्या तरी दौतीतली शाई सांडलेली. फोटोखाली सगळे एकच म्हणतात, काय कविता होत्या राव त्या काळी! मग यादी सुरू होते. बालकवींचा ‘श्रावणमास’, केशवकुमारांचं ‘आजीचे घड्याळ’, कवी बींचं ‘गाई पाण्यावर’, भा. रा. तांबे, साने गुरुजींची प्रार्थना. नागपूरचा माणूस असो की उरणचा, यादी तीच. ती तशी असणारच. २७ जानेवारी १९६७ला पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं आणि पुढं सगळ्या महाराष्ट्राच्या दप्तरात एकच पुस्तक आलं.

या यादीशी माझं भांडण नाही. माझं भांडण तिच्यात जे नाही त्यावरून आहे. या लेखांत कवी असतात, पुस्तकाचा वास असतो, छडी असते, वर्गाबाहेरचं चिंचेचं झाड तर असतंच असतं. चाल कुठं नसते. खरं म्हणजे पन्नास वर्षांनी ते शब्द तोंडात येतात ते चालीच्या बळावर. चाल पुस्तकात छापलेली नव्हती, ती गुरुजींच्या गळ्यात होती. आणि गुरुजींच्या गळ्यात ती कुठून आली याचा माग काढत गेलं तर निम्म्या वेळा आपण गावातल्याच कुठल्यातरी अंगणात येऊन पोचतो. पुस्तक पुण्याहून यायचं, चाल गावची असायची. आठवणी काढताना मात्र आपण पुण्याहून आलेलं तेवढं जपतो आणि गावचं टाकून देतो. हे मला खटकतं, ते का खटकतं ते सांगतो.

माझं गाव आता नवी मुंबईत आहे. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, आणि मधल्या पट्टीत दिवे-ऐरोलीपासून रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, नेरूळ करत बेलापूरपर्यंत ओळीनं गावं, त्यातलंच एक. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यातली ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटर जमीन नकाशावर एका रेघेच्या आत गेली. पुढं जमिनीच्या भावासाठी काय काय झालं, जानेवारी १९८४मध्ये पाच जणांनी जीव कसा दिला, दि. बा. पाटलांनी ते आंदोलन कसं चालवलं, हे इतरांनी लिहिलंय. ते इथं पुन्हा सांगत नाही. मी पहिलीत बसलो तेव्हा यातलं काही नव्हतं. भाताची खाचरं, खाजणं, मिठागरं, आणि बांधाबांधानं शाळेकडं जाणारी वाट, एवढंच. शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायची. त्यामुळं आम्ही तिसरीतच चौथीच्या सगळ्या कविता ऐकून मोकळे झालेलो असायचो.

आता पुस्तकातलं गाव पाहा. त्यात विहीर असायची, विहिरीवर मोट, मोटेला बैल. ज्वारीचं शेत, खळं, माळावरची मेंढरं. आमच्या मुलखात मोट मी पाहिली नाही. भाताला पाणी आभाळातून यायचं, आणि खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध राखायला लागायचा, उघाडीची फळी वेळेवर टाकायला लागायची. पुस्तकात बैलगाडी, आमच्याकडं होडी. ‘श्रावणमास’ घ्या. कविता मोठीच आहे, त्यात वाद नाही. पण तो श्रावण खानदेशात, धरणगावला जन्मलेल्या कवीचा. त्यात ऊन-पावसाचा लाडिक खेळ आहे. आमच्या श्रावणात ऊन जावयासारखं यायचं, बसायचं नाही. आवणी नुकती उरकलेली, बायांच्या पायांना चिखल्या झालेल्या, कणग्यातलं मागल्या सालचं भात तळाला गेलेलं, नारळी पुनवेपर्यंत होड्या वर ओढून ठेवलेल्या. कवितेत मुली परडी घेऊन फुलं तोडतात. आमच्या वर्गातल्या मुली धाकट्या भावंडाला काखेला मारून शाळेत यायच्या, आणि शाळा सुटली की चिंबोऱ्या नि निवट्या धरायला खाजणात उतरायच्या.

म्हणजे त्या कवितेत आमचं गाव नव्हतं. तरीही आज साठीतले आम्ही लोक ‘आमचं हरवलेलं गाव’ म्हणून त्याच कवितेकडं बोट दाखवतो. माझ्या एका मित्राच्या भाताच्या खाचरावर आता चौदा मजली इमारत उभी आहे आणि तो खिडकीत बसून खानदेशातल्या श्रावणासाठी हळहळतो. हसू नका. त्याला तोंडपाठ असलेलं, कागदावर छापलेलं दुसरं गाव कुणी दिलेलंच नाही.

खरं तर शाळेतलं पहिलं संगीत कवितेचं नव्हतंच. ते पाढ्यांचं होतं, आणि त्यावर कुणी भावुक झालेलं मी पाहिलेलं नाही. सगळा वर्ग डुलत डुलत पाढे म्हणायचा, सातच्या पाढ्यापर्यंत लय छान चालायची, तेराशी घसरायची आणि एकोणीसला मोडायची. माझे आजोबा दोन बुकं शिकलेले. त्यांच्या वेळी पूर्ण आकड्यांच्या पाढ्यांवर भागत नसे, पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकाचे पाढेही घोकायला लागायचे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, आणे-पै हळूहळू गेले, तसे ते पाढेही शाळेतून मागं पडले. पण आजोबांनी पाऊणकी सोडली नाही. कारण तिथीची पाऊणपट केली की आमच्या खाडीला पूर्ण भरती किती वाजता येणार ते कळतं. चवथ असली की तीनच्या सुमाराला, अष्टमी असली की सहाच्या. एका तिथीला पाऊण तास, म्हणजे भरती रोज तेवढी पुढं सरकते. हे गणित मांडायला त्यांना पाटी लागत नसे. ते पाऊणकी म्हणायचे नाहीत, गायचे, अगदी हलक्या आवाजात, होडीत पाय टाकण्यापूर्वी. शाळेनं दिलेलं एक गाणं एका माणसाच्या आयुष्यभर उपयोगी पडलेलं मी पाहिलं ते हे एकच. ‘आजीचे घड्याळ’ आम्हाला कवितेत होती तेव्हा गुरुजींनी विचारलं, घड्याळ नसताना वेळ कुणाला सांगता येते? अर्धा वर्ग हात वर. त्यांना वाटलं पोरांना कविता समजली. पोरांना खाडी समजत होती.

आता बोलीविषयी. आगरी बोलीत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. पाणी म्हणजे पानी, काळा म्हणजे काला. वाचनाच्या तासाला ही दोन अक्षरं म्हणजे दोन छड्या ठरलेल्या. पोरगं उभं राहायचं, ‘बाळ’ शब्द दिसला की आधीच थांबायचं, जीभ वळवून बघायचं, मग भीतभीत ‘बाल’ म्हणायचं. काही पोरं वाचनच टाळायला लागली आणि पुढं शाळाच टाळली. कवितेच्या तासाला मात्र हा जाच नसे. चाळीस पोरं एका दमात गातात तेव्हा कोण ‘ळ’ म्हणतो आणि कोण ‘ल’, कुणाला कळणार? आणि कळलं तरी लय मोडून कोण थांबवणार? शाळेच्या त्या चार भिंतींत आमची जीभ जशी होती तशी मोकळी सुटायची ती फक्त गाताना. आपल्याला ते तास का आवडायचे याची कारणं लोक निसर्गवर्णनात आणि संस्कारात शोधतात. एक कारण इतकं साधं आहे.

तिसरीला आम्हाला घाटावरचे एक गुरुजी आले. सातारकडची बोली, खांद्यावर पिशवी, पिशवीत टाळ. राहायला मारुतीच्या देवळामागची खोली. शाळेत पेटी नव्हती, तबला नव्हता. टेबलाची फळी आणि हे टाळ, एवढाच वाद्यवृंद. गुरुजींजवळ सुरुवातीला चाली तीनच होत्या. एक भजनाची, एक मनाच्या श्लोकांची, एक पोवाड्याची. पुस्तकातली कुठलीही कविता आली की ते ती मनातल्या मनात म्हणून बघायचे आणि या तीन खुंट्यांपैकी एकीला टांगायचे. हे करता येई, कारण त्या कविता वृत्तात नाहीतर मात्रांत बांधलेल्या असायच्या. मनाचे श्लोक २०५, सगळे भुजंगप्रयातात, ओळीला बारा अक्षरं. एकाची चाल आली की दोनशे पाचांची आली, आणि त्या वृत्तातली दुसऱ्या कुठल्याही कवीची कविता आली की तीही आपोआप आली. कवीनं लय कागदावर बांधून पाठवायची आणि सूर गुरुजींनी गावात शोधायचा, अशी ही वाटणी होती. या वाटणीचं मोल मला आता कळतं. तिच्यात गावाला करण्यासारखं काहीतरी शिल्लक ठेवलेलं होतं.

त्या वर्षी वैशाखात गावात एक लग्न झालं. गुरुजींना आमंत्रण असतंच. आमच्या लग्नात धवले असतात, आणि धवले गाणाऱ्या धवलारीण बाईचा मान भटजीपेक्षा कमी नाही; कित्येक घरांत तिच्या गाण्याशिवाय विधी पुढं सरकत नाही. दोघी-तिघी बाया मिळून गातात. एकीनं ओळ उचलायची, शेवटचं अक्षर लांबवायचं, ते जमिनीला टेकायच्या आत दुसरीनं झेलायचं. गुरुजी मांडवात रात्रभर बसून राहिले. जूनमध्ये शाळा उघडली, आम्ही चौथीत गेलो, पाऊस लागला, आणि ‘श्रावणमास’ आला तो धवल्याच्या चालीत. मुलींनी ओळ म्हणायची, शेवटचं अक्षर सोडायचं नाही, मुलांनी ते झेलायचं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर चर्चा. पाण्याला आलेल्या बायांनी खिडकीतून ऐकलेलं. एकीला हसू, एकीला कौतुक. पण आमच्या आळीतली म्हातारी धवलारीण काठी टेकत थेट शाळेत आली. “गुरुजी, ह्यो धवला. ह्यो लग्नान म्हनायचा, कवापन नाय म्हनायचा.” गुरुजी उठून उभे राहिले. म्हणाले, “आजी, शब्द पुस्तकातले आहेत. चाल तेवढी उसनी घेतलीय.” म्हातारी दारात थोडा वेळ थांबली. मग मुलींना म्हणाली, शेवटाला आवाज खाली टाकू नका, वरच ठेवा. आणि गेली.

आता टीका म्हणून सांगायचं तर ती चाल कवितेला मानवत होती का? पुरती नाही. बालकवींची ओळ आठ-आठ मात्रांच्या उड्या मारत जाते. तिच्यात लहान मुलाचं पळणं आहे. धवल्याच्या चालीत ते पळणं गेलं. ओळ जड झाली, ओली झाली, रेंगाळायला लागली. कवितेतला आनंद होता तो जरा उदास वाटायला लागला, कारण धवला काही झालं तरी मुलगी सासरी पाठवताना गातात. एखाद्या समीक्षकानं ऐकलं असतं तर त्यानं ही चाल चुकीची ठरवली असती, आणि कवितेच्या बाजूनं त्याचं बरोबरही ठरलं असतं. पण माझं म्हणणं असं की त्या चालीनं खानदेशचा श्रावण आमच्या खाचरात उतरवला. आवणीनंतरची अंगातली कळ, भात संपत आल्याची काळजी, हे कवितेच्या शब्दांत नव्हतं. ते चालीत होतं. शब्द बालकवींचे, अर्थ अर्धा आमचा. कवितेच्या पुस्तकावर लिहिताना हा अर्धा अर्थ कुठं धरायचा, याची सोय मराठी टीकेत मला दिसत नाही.

चालींबद्दल बोलतोच आहे तर रेकॉर्डवरच्या गाण्यांबद्दलही बोललं पाहिजे. रेकॉर्ड म्हणजे वाईट असं माझं म्हणणं नाही. १९५३च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं मोराचं गाणं गदिमांनी लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी चाल लावली, आशाबाईंनी गायलं. ते आमच्या गावात वीज यायच्या आधी पोचलं होतं. कारण त्याची चाल बिनवाद्याची उभी राहते. शाळेच्या गाण्याची परीक्षा तीच. चाळीस पोरं, पाचसहा स्वरांत, वाद्याशिवाय, बसल्या जागी गाऊ शकतात का? आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सूर किती घसरतो? वसंत देसाई हे जाणत होते. ‘दो आँखें बारह हाथ’मधली १९५७ची प्रार्थना आणि ‘गुड्डी’तली १९७१ची, दोन्ही त्यांच्याच, दोन्ही हिंदी, दोन्ही सिनेमातल्या, तरी मराठी शाळांच्या पटांगणात मुक्काम करून राहिल्या. ‘अंकुश’मधली १९८६ची तशीच टिकली. अलीकडं ‘उबुंटू’तली, समीर सामंत यांनी लिहिलेली आणि कौशल इनामदारांनी चाल लावलेली प्रार्थना शाळाशाळांत गेली. पोरं गातात तेव्हा ऐकलंय मी, टिकेल ती. सिनेमातून आलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की साने गुरुजींची प्रार्थनासुद्धा बाहेरूनच आली होती. सेवादलाच्या शिबिरांतून तोंडातोंडी आली, म्हणून तिची चाल सगळीकडं जवळजवळ एक.

मीना खडीकरांनी चाली लावलेली बालगीतं हा पुढचा टप्पा. पाडगावकरांचं भोलानाथाचं गाणं कोणाला आवडत नाही? मलाही आवडतं. पण त्या गाण्यांबरोबर एक नवी गोष्ट आली. पोरं कडव्यांमधलं वाद्यसंगीतसुद्धा तोंडानं वाजवायला लागली, कारण ते नसलं तर गाणं त्यांना अपुरं वाटतं. म्हणजे गाणं आता पूर्ण होऊन घरात येऊ लागलं. त्यात गुरुजींना, विहिरीवरच्या बायांना, काठी टेकत येणाऱ्या म्हातारीला काही घालायला जागा उरली नाही.

याचा कळस मी पाहिला तो स्नेहसंमेलनातल्या कोळीनृत्यात. शांताबाई शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथांनी चाल लावलेली, लताबाई आणि हेमंतकुमार यांनी गायलेली कोळीगीतं गाजली, आणि गाजावीत अशीच ती आहेत. पण खाडीकाठच्या शाळेत, जिथं समोर बसलेल्या आया रोज लुगडं कासोट्यानं नेसतात, तिथं त्यांच्याच मुलींना भाड्याच्या दुकानातून चमकीचं लुगडं आणून कोळणी करायचं आणि रेकॉर्डवर नाचवायचं! आया टाळ्या वाजवायच्या. त्यातल्या किती जणी होळीला, गौरीला फेर धरून रात्र रात्र स्वतः गायच्या, ते मात्र शाळेनं कधी विचारलं नाही. घाटावरचे गुरुजी तोवर बदलून गेले होते.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या वर्गाचं गेट-टुगेदर झालं. नेरूळचा एक हॉल, वातानुकूलित, जेवणात पनीर आणि एका टेबलावर आग्रहानं ठेवलेलं सुकं बोंबलाचं कालवण. बँकेतून निवृत्त झालेला एक, दोघे बिल्डर, एक माजी नगरसेवक, कुणी साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची वाट पाहत म्हातारा झालेला. कुणीतरी मोबाईल स्पीकरला जोडला आणि ‘श्रावणमास’ लावली. मागं बासरी, सतार, चांगला घोटून घेतलेला आवाज. सगळे त्याच्याबरोबर गायला लागले, दोघांचे डोळे भरून आले. आमच्या वर्गातली एक बाई चौथीनंतर शाळा सुटलेली. घरात धाकटी चार भावंडं, मग लग्न, मग बाजारात मासळीची पाटी. ती बाजूला बसून ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, “ही चाल आपली नाय.”

“मंग आपली कंची?” कुणीतरी थट्टेनं विचारलं.

तिनं खुर्चीतच बसून सुरुवात केली. पहिली ओळ, शेवटचं अक्षर धरलेलं, वर ठेवलेलं. आणि समोरच्या टेबलावरच्या तीन टकल्या म्हाताऱ्यांनी, कुणी सांगितलेलं नसताना, ते झेललं. दोन कडवी झाली. तिसऱ्याला ती अडखळली, हसली, पदर तोंडाला लावला. टाळ्या पडल्या. मग एक जण म्हणाला, छान छान, आता परत ओरिजिनल लाव.

हा ‘ओरिजिनल’ शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. स्पीकरवरची चाल त्यानं आमच्या चौथीनंतर कितीतरी वर्षांनी ऐकलेली, तीही मोबाईलवर. तिच्या गळ्यातली चाल त्यानं स्वतः गायलेली. तरीही त्याला अस्सल वाटतं ते वाद्यांसकट येणारं, सगळ्यांकडं सारखं असणारं. आठवणींच्या या सगळ्या लेखनानं काय केलं असेल तर हेच. माणसाला स्वतःच्या आठवणीपेक्षा सगळ्यांची मिळून एक आठवण खरी वाटायला लावली.

आता आमची शाळा महापालिकेकडं आहे. फरशी आहे, संगणक आहेत. आगरी-कोळ्यांची पोरं बहुतेक इंग्रजी शाळेत गेली. मराठी वर्गात माथाडी कामगारांची, नाक्यावर उभं राहणाऱ्यांची, बिगाऱ्यांची पोरं, कुणी जालन्याचं, कुणी विजापूरकडचं. पुस्तकाच्या पानावर एक चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो. बाई मोबाईल त्यावर धरतात आणि कविता सुरू होते. म्हणजे आता चालही छापली गेली. ज्या शाळेत गाणारं कुणीच नाही तिथं हे वरदान आहे, हे मान्य करायला हवं; सगळे गुरुजी काही टाळ घेऊन येत नसत, कित्येक जण कविता धड्यासारखी वाचून फळ्यावर अर्थ लिहून द्यायचे. दुसरी गोष्ट, आजच्या पुस्तकांत मुक्तछंदातल्याही काही कविता असतात. वाचायला त्या जुन्यांपेक्षा सरस आहेत, मुलांशी जास्त खरं बोलतात. जुन्या पुस्तकातल्या स्वच्छता आणि बचतीवरच्या कविता कुणी आज वाचून दाखवाव्यात, मग कळेल आपण काय काय विसरून गेलो ते. पण मुक्तछंदाला धवल्याची चाल बसवता येत नाही. लय आधी बांधलेली नसते.

जात्यावरच्या ओव्यांचं एक मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी केलं. गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, कितीतरी आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. बाईनं जात्यावर काय म्हटलं हे आज ऐकता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत कविता कोणत्या चालीवर म्हणत होते, हे असं कुठं ऐकायला मिळेल? शाळेत छापील पुस्तक होतं, त्यामुळं तिथं गोळा करण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनात आलं नसावं.

त्या गेट-टुगेदरनंतर मी आणि आमच्यातला तो निवृत्त बँकवाला, दोघांनी हे थोडं करून पाहिलं. गावठाणात फिरलो, मासळीवाल्या बाईच्या घरी चार दुपारी बसलो. रस्त्यावरच्या रिक्षा आणि वरून जाणारी विमानं यांच्यामधून मोबाईलवर जेवढं येईल तेवढं घेतलं. उलव्याची टेकडी कापून झालेला विमानतळ आता चालू आहे, दुपारी चांगली वर्दळ असते. सगळं मिळून साडेतीन चाली हाती लागल्या. ‘श्रावणमास’ची धवल्याची पुरी मिळाली. मनाच्या श्लोकांची मिळाली. एक पोवाड्याच्या ढंगाची, तिचे शब्द कुणालाच आठवत नाहीत, नुसती ‘जी जी’ची जागा आणि टेबलावरचा ठेका. आणि अर्धी ‘आजीचे घड्याळ’ची.

ती अर्धी का, तर मासळीवाली बाई आणि तिची थोरली बहीण दोघी तीच कविता म्हणतात, एकाच शाळेत शिकलेल्या, पण थोरली पाच वर्षं पुढं होती आणि तिला गुरुजी वेगळे. धाकटीची चाल भजनाची. थोरलीची कुठली ते आम्हाला ओळखता आलं नाही. बँकवाला म्हणतो गौरीच्या फेराची असावी. दोघी समोरासमोर बसून आपापली रेटत राहिल्या. बराच वेळ हे भांडण चाललं, चहा झाला, सुना येऊन हसून गेल्या. मोबाईलवर आहे सगळं. गंमत अशी की तिसऱ्या कडव्यापासून दोघींची चाल एक होते. हे कसं, म्हणून विचारलं तर थोरली म्हणाली, तिथं दम लागतो, म्हणून सगलीच खाली येतान.